तेजाबाच्या खोलीतली हाक

१० मार्च

आले एकदाची. चिखलीहून अमडापूरची एसटी पकडली, तर शेजारच्या बाईंच्या पायाशी वाळल्या मिरच्यांचं पोतं. अर्धा रस्ता मी शिंकतेय आणि त्या बाई माझ्याकडे अशा बघतायत की मीच काहीतरी घेऊन चढले आहे. पण मजा आली. दोन्ही बाजूंना हरभरा निघालेली मोकळी रानं, वर मोठंच्या मोठं आभाळ. भोसरीच्या धुराला सरावलेल्या नाकाला हे सगळं फुकटात.

कारखाना गावाबाहेर, रस्त्याला लागून आहे. आम्ही झिंक सल्फेट बनवतो, म्हणजे शेतात टाकायचं खत. जस्ताची राख, पाणी आणि सल्फ्युरिक ॲसिड, एवढाच कारभार. ॲसिडला इथे सगळे तेजाब म्हणतात. मला शब्द आवडला. मॅनेजर रवी सर माझ्याच वयाचे, गोड बोलणारे, सतत फोनवर. केबिनच्या दारावर माझी पाटी आधीच लागलेली: सुचिता, सेफ्टी ऑफिसर. भोसरीत मी कुणाच्या तरी हाताखालच्या कुणाच्या तरी हाताखाली होते. इथे मीच साहेब. पाटीचा फोटो काढून लगेच आईला पाठवला.

राहायची सोय गेटसमोरच, रस्ता ओलांडला की. ज्ञानेश्वर म्हणून आमचाच एक कामगार आहे, त्याच्या घरातली पुढची खोली. त्याची बायको जयमाला जेवणही देणार. संध्याकाळी भाकरी, ठेचा आणि उडदाचं घट्ट वरण. तिने विचारलं, "मॅडम, तिखट लागून राह्यलं काय?" डोळ्यांतून पाणी गळत असताना मी नाही म्हटलं. दोघं नवराबायको हसली, मग मीही हसले. चांगली माणसं आहेत.

१२ मार्च

आज तेजाबाची खोली नीट पाहिली. टँकरमधून आलेलं तेजाब बाहेरच्या टाकीत चढवतात. टाकी उंच लोखंडी मचाणावर. तिथून नळी भिंतीतून आत उतरते, थेट हौदावर. हौदात पाणी आणि राख आधी कालवून ठेवायची आणि त्यात तेजाब बारीक धारेने सोडायचं. तेजाब पाण्यात, पाणी तेजाबात कधीच नाही, हे इथे सगळ्यांना पाठ आहे, तेवढं बरं. मचाणावर कॉकपाशी, म्हणजे टाकीच्या तोटीपाशी, उकंडराव असतात. साठीला टेकलेले, तोंड कायम मिटलेलं. आत हौदापाशी ज्ञानेश्वर. मध्ये जाड भिंत, आतला थेंब बाहेर उडू नये म्हणून मुद्दाम घातलेली. त्यामुळे दोघं एकमेकांना दिसत नाहीत. ज्ञानेश्वर आतून "सोडाऽ" ओरडला की उकंडराव कॉक उघडणार, "बसऽ" म्हटलं की बंद करणार. दिवा नाही, घंटा नाही. हाडापर्यंत जाळत जाणाऱ्या वस्तूचा सगळा कारभार एका माणसाच्या घशावर.

ॲप्रन फाटके. हातमोजे आहेत, पण बहुतेक डाव्या हाताचे. अंगावर तेजाब पडलं तर धावत जाऊन उभं राहायचा शॉवर आहे, त्याच्याखाली सायकली लावतात. हे सगळं रवी सरांना सांगितलं. ते म्हणाले, बघू. सायकली मी स्वतःच ओढून बाजूला केल्या. त्यातली एक पडली आणि सगळा कारखाना काम थांबवून माझ्याकडे बघत राहिला.

१५ मार्च

आज जे पाहिलं त्याने डोकं फिरलं. हौद भरत आला तसा ज्ञानेश्वर "बसऽ" म्हणाला. मी मचाणाच्या शिडीशी होते. उकंडराव ढिम्म. पुन्हा "बसऽ". तरी ढिम्म. तिसऱ्यांदा आवाज आल्यावर त्यांचा हात हलला. तोवर आत हौद उसळून काठाबाहेर फसफसत होता, फरशी वाफाळत होती आणि ज्ञानेश्वर भिंतीला पाठ लावून उभा. मी वर चढून उकंडरावांना विचारलं, कान शाबूत आहेत ना? त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाले, "येथं एका हाकेनं कोनी काही करत नाही."

मग उलगडा झाला. "सोडा" असो की "बस", तीनदा हाक आली तरच ती मानायची, असा यांचा नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. का, असं न म्हणता मी त्यांच्याच भाषेत काऊन म्हणून विचारलं तर कुणाला हसूही आलं नाही. शेवटी ज्ञानेश्वर बोलला. भर दुपारी रानात एकट्या माणसाला हाक येते, ओळखीच्या आवाजात. पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते, दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारतोच. ते मारत नाही. ते म्हणजे कोण, असं विचारल्यावर सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. ही जागा पहिले रानच होती ना मॅडम, असं म्हणून ज्ञानेश्वरने विषय संपवला.

म्हणजे भुताला घाबरून हे लोक तेजाबाचा कॉक उशिरा बंद करतात. पुण्यात कुणाला सांगितलं तर म्हणतील, सुचिता, तू फेकतेस.

१८ मार्च

नवा नियम लागू. एक हाक, एक काम. सगळ्यांना उभं करून समजावलं, नुसतं पाणी सोडून सराव घेतला. पहिल्या हाकेला उकंडराव कॉकवर नुसता हात ठेवून थांबायचे. मी शेजारी उभी राहून फिरवायला लावला. जो तिसऱ्या हाकेची वाट बघेल त्याचा त्या दिवसाचा पगार कापला जाईल, असंही बजावलं. रवी सर खूश झाले. नियम मोठ्या अक्षरात छापून भिंतीवर लावला.

कुणी वाद घातला नाही. घातला असता तर मला बरं वाटलं असतं. सभा संपल्यावर बरेचजण नळावर जाऊन तोंड धुऊन आले, माझं बोलणं अंगावर उडालं असावं तसे. एक ज्ञानेश्वर तेवढा म्हणाला, "मले तं बरंच हाये मॅडम. बस म्हटलं की बस झालं पायजे." खरंच आहे. उसळलेल्या हौदासमोर तो उभा असतो, बाकीचे नाही. आणि हा नियम मी त्याच्यासाठीच केला आहे.

२६ मार्च

हौद एकदाही उतू गेलेला नाही. फरशी कोरडी, वेळ वाचतोय, ज्ञानेश्वरच्या ॲप्रनवर नवा डाग नाही. जयमालाने आज आवर्जून शेवभाजी केली. म्हणाली, हे आता घरी आल्यावर खोकत नाहीत.

कारखान्यात मात्र माझं नाव एकहाकी पडलंय. तोंडावर मॅडम, पाठ वळली की एकहाकी. मी गेले की चहा संपलेला असतो. काल माझ्या गमबुटांत कुणीतरी राख भरून ठेवली होती, जस्ताची, ओली. मी सगळ्यांसमोर ती ओतली, बूट पुसले आणि घातले. मोजे भिजले, दिवसभर पाय चुरचुरत होते, पण यांना दाखवणार नाही. मला असल्या माणसांचा राग येतो. जीव वाचवायला आलेल्या माणसाला शत्रू समजणारी जात.

२ एप्रिल

आज वाईट प्रसंग थोडक्यात टळला. दुपारची वेळ. ज्ञानेश्वर नळीच्या तोंडाचं वायसर बदलत होता, नळी हौदाबाहेर, फरशीकडे. आणि वरून तेजाब आलं. तो उडी मारून मागे झाला म्हणून वाचला. बुटाच्या टोकाला धार लागली, बुटाचं रबर पांढरं पडलं. मी ओरडत मचाणावर गेले. उकंडराव म्हणाले, सोडा म्हणून आवाज आला, सोडलं. एका हाकेत. तुमचाच नियम.

ज्ञानेश्वर म्हणतो, त्याने तोंड उघडलंच नव्हतं. तोंडात पकडलेला स्क्रू काढून त्याने मला दाखवला.

हे बोलताना कुणी उकंडरावांवर रागावलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. माझा नुसता जळफळाट झाला.

५ एप्रिल

उकंडरावांना चिखलीला नेऊन कान तपासून आणले. डॉक्टर म्हणाले, या वयात इतके चांगले कान क्वचित बघायला मिळतात. तर हे कानाचं काम नाही, हा खोडसाळपणा आहे. माझा नियम खोटा पाडायला त्यांनी मुद्दाम कॉक सोडला. ज्ञानेश्वरचा पाय गेला असता तरी यांना चाललं असतं. लेखी ताकीद दिली. त्यांनी कागदाची घडी करून टोपीत ठेवली.

९ एप्रिल

शांतपणे लिहिते.

आज मी स्वतः मचाणावर उकंडरावांशेजारी उभी राहिले. ऊन असं की रेलिंगला हात लावता येत नव्हता. आत काम चालू व्हायची वाट बघत होतो. भिंतीपलीकडून स्पष्ट आवाज आला, "सोडाऽ." ज्ञानेश्वरचाच. शेवटी त्याचा आवाज किंचित वर जातो, तसाच गेला. उकंडरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी कॉकला हात घातला आणि तेवढ्यात माझी नजर खाली गेटकडे गेली.

ज्ञानेश्वर गेटपाशी माठातून पाणी पीत होता.

मी उकंडरावांचा हात धरला. दोघांच्याही हाताला घाम होता. खाली जाऊन तेजाबाची खोली उघडून पाहिली. आत कुणी नव्हतं. हौद, नळी, कोपऱ्यात झाडू.

भिंत जाड, वर पत्रा. आवाज कुठून कुठे घुमतो सांगता येत नाही. गेटवर कुणाशी बोलताना तो काहीतरी म्हणाला असेल आणि ते आम्हाला तसं ऐकू आलं असेल. असंच असणार. पण मला भीती वाटली, खूप वाटली, आणि अजून वाटतेय.

१० एप्रिल

उकंडरावांना बाजूला घेऊन सांगितलं की उद्यापासून पुन्हा तीन हाका. भिंतीवरचा कागद मीच काढला. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल, निदान जिंकल्यासारखं हसतील. ते टाकीकडे वळले. मग म्हणाले, "आता काय उपेग. त्याले जवाब भेटला मॅडम. तुम्ही त्याले सवय लावली."

म्हणे इतकी वर्षं ते एकदा हाक मारून थकून जायचं. कुणी ओ देत नाही म्हटल्यावर पुन्हा मारत नव्हतं. आता त्याला कळलंय की इथे कॉक फिरतो.

मी त्यांना म्हटलं, हे असलं मला ऐकवू नका. ते शिडी चढून गेले.

रवी सरांकडे लाल-हिरवा दिवा मागितला. वायरमन येईल म्हणाले. केव्हा, ते म्हणाले नाहीत.

१५ एप्रिल

काल जयंतीची सुट्टी होती. कारखाना बंद, गावात मिरवणूक, दिवसभर गाणी. इतक्या दिवसांत कालच गाढ झोप लागली. आज पुन्हा चालू. वायरमन आला नाही. तीन हाकांवर काम चाललंय आणि प्रत्येक वेळी तिसरी येईपर्यंत मी श्वास धरून उभी असते.

१६ एप्रिल

ज्ञानेश्वर भाजला.

मी इथे नव्हतेच. दिवे आणि वायर स्वतः आणायला सकाळी चिखलीला गेले होते. परत आले तर शॉवर चालू आणि त्याच्याखाली तो, दोघं त्याला धरून. मी शिकवलं तेवढं तरी केलं त्यांनी, पाणी थांबवलं नाही. नळीचं तोंड साफ करत होता म्हणे. डावा हात, कोपरापासून खाली. त्या हाताचा वास अजून माझ्या नाकात आहे. तो रडत नव्हता, दात वाजत होते. जीपमधून दवाखान्यात नेला. हात वाचेल म्हणाले, संध्याकाळी बांधून घरी सोडला.

उकंडरावांना विचारलं, किती हाका आल्या. तीन, म्हणाले. ज्ञानेश्वरच्या? नाही. मग कुणाच्या?

एकेक करून सगळ्यांनी तेच सांगितलं. मॅडम, तुमच्या. ऑफिसच्या बाजूनं. तुम्हीच ओरडल्या ना, "उकंडराव, सोडा", तीन बार.

मी चिखलीत होते. मी त्यांना दुकानाचं बिल दाखवलं. त्यांनी बिलाकडे बघितलंही नाही.

आता कळलं. सगळे मिळून ठरवून करतायत. मला इथून हाकलायचं आहे, त्यासाठी आपल्यातल्याच एकाचा हात जाळला. असा नीचपणा मी जन्मात पाहिला नाही.

जयमालाने दारातच विचारलं, "तुम्ही काऊन ओरडल्या मॅडम?" तिचा चेहरा बघवला नाही. मी शपथ घेतली, मी नव्हते. ती म्हणाली, मले कोनाचंच काही सांगू नका, मले फक्त हे घरी पायजेत. मी तिला वचन दिलं.

१८ एप्रिल

कुणाच्याही हाकेवर आता काहीच अवलंबून नाही. मी कॉकच्या दांड्याला साखळी घालून कुलूप लावलं. माझं स्वतःचं, नवं. दिवे लागेपर्यंत तेजाब हलणार नाही. रवी सर फोनवर ओरडले, टँकर येणार आहे, माल अडलाय. मी म्हटलं, मला काढून टाका, मग कुलूप तोडा. ते नाही करणार. तोडायला त्यांची सही लागेल, आणि काही झालं तर तेच अडकतील.

कुलपाला दोन किल्ल्या. एक माझ्या गळ्यात. दुसरी कारखान्यात ठेवायची नाही, तिथे एकाचाही भरवसा नाही. ती मी जयमालाला दिली. ज्ञानेश्वरच्या जिवाची काळजी तिच्याइतकी कुणाला असणार? तिला सांगितलं, रवी सर मागोत, उकंडराव मागोत, कुणी कितीही सांगो, द्यायची नाही. फक्त मी मागितली तर.

तिने किल्ली मंगळसूत्रात ओवली.

२१ एप्रिल

कामच नाही, म्हणून रोजंदारीवाले गेटसमोर बसून असतात. मी रस्ता ओलांडला की बोलणं थांबतं. आज कुणीतरी खिडकीवर दगड मारला. वायरमन येतो येतो म्हणतोय.

जयमाला ताट उंबऱ्याबाहेर ठेवून जाते, बोलत नाही. ज्ञानेश्वर मात्र आला, बांधलेला हात गळ्यात अडकवून. म्हणाला, बसून कंटाळा आला, काहीतरी काम द्या. काम पुन्हा चालू झालं की मालक त्याच्या जागी दुसरा माणूस घेतील, ही भीती आहे त्याला. मी म्हटलं, हौदाचा गाळ काढायचा आहे, एका हाताने जमेल तेवढा खरवड. कॉकला कुलूप आहे, नळी कोरडी आहे. इतका सुरक्षित तो हौद कधीच नव्हता.

त्याला हसू आलं. मलाही. किती दिवसांनी.

२४ एप्रिल, दुपार

ज्ञानेश्वर हौदात उतरलाय, खरवडण्याचा आवाज इथे केबिनपर्यंत येतोय. किल्ली गळ्यात आहे. उकंडराव मचाणावर नुसते बसलेत, सवयीने. बाहेर कुत्रंही हलत नाहीये एवढं ऊन.

आत्ता हाक आली.

माझा आवाज.

माझाच. मी इथे बसलेय, हातात पेन आहे, आणि माझा आवाज बाहेरून येतोय. ते लोक खोटं बोलत नव्हते. देवा, ते खोटं बोलत नव्हते.

मारू दे हाका. किल्ली माझ्याकडे आहे. उकंडरावांना कितीही ओरडून सांगितलं तरी

उकंडरावांना नाही मारत. गेटच्या बाजूने येतेय. रस्त्याकडे तोंड करून.

"जयमाला."

दुसऱ्यांदा.

तिला काय म्हणून — किल्ली

२४ एप्रिल

केबिनला आतून कडी घातली आहे. बाहेर सगळे आहेत. काचेवर हात मारत होते, आता नुसते उभे आहेत.

लिहिलं नाही तर वेड लागेल.

तिसरी हाक येऊन गेली तरी मी पेन धरून बसून होते. मी धावत बाहेर गेले तेव्हा जयमाला मचाणाच्या शिडीवर होती. किल्ली तिने उकंडरावांच्या हातात दिलेली होती. मॅडमनं मागितली, असं म्हणून. तीनदा हाक मारली मॅडमनं, मग किल्ली वर नेऊन दे म्हटलं. आणि तेव्हाच खोलीतून ज्ञानेश्वरचा आवाज आला, सोडाऽ. सोडाऽ. सोडाऽ. तिने स्वतः ऐकला. तिने मान हलवली. नवऱ्याचा आवाज बायकोला कळणार नाही का?

आणि आत तो खरवडत होता. मला त्याच वेळी खरवडणं ऐकू येत होतं.

मी ओरडले, थांबा. जिवाच्या आकांताने.

कुणी थांबलं नाही. कुणी वळून पाहिलं नाही. त्यांनी ऐकलं, मला माहीत आहे त्यांनी ऐकलं, उकंडरावांचे खांदे आखडले. ते वाट बघत होते, दुसरी येते का. तिसरी येते का. मी एकदाच ओरडले होते. दुसरी घशातून निघेपर्यंत कॉक —

खरवडणं बंद झालं.

—

त्याला पिकअपमध्ये घालून नेलं. चादरीत. माझ्याशी कुणी बोललं नाही. जिवंत आहे की — कुणीच सांगत नाही. रवी सरांचा फोन बंद. दवाखान्याचा नंबर लागत नाही. जयमालाला जाऊ दिलं नाही त्यांनी. ती माझ्या दारासमोर बसली आहे, भिंतीला टेकून. मला काचेतून तिचा पदर दिसतो.

मी तिला आतून म्हटलं, ती मी नव्हते. ती म्हणाली, आता बोलून राह्यल्या त्या तरी तुम्हीच हाये काय?

मी कडी पुन्हा ओढून पाहिली.

—

लोक जायला लागलेत. पोलीस येतील म्हणतायत. ऊन उतरलं.

जयमाला तिथेच आहे.

—

हाक आली.

"मॅडम."

ज्ञानेश्वर. दाराला लागून. तसाच, शेवटी किंचित वर जाणारा —

जयमालाचा पदर हलला. ती उठली असेल. तिनेही ऐकलं. ती काही बोलत नाही. काऊन बोलत नाही ती.

"मॅडम."

दोन.

मला माहीत आहे ते आता तीनदा मारतं. मीच शिकवलं. मला सगळं माहीत आहे. तरी — हात बांधून परत आला होता ना तो एकदा. डॉक्टरांनी पुन्हा — चादर नुसती उन्हासाठी — होऊ शकतं. माणसं वाचतात.

डावा हात कडीवर आहे. तिसरी आली तर उघडणार. काहीही असो बाहेर, उघडणार. तो जिवंत अस